रेबेलो सरांचा ‘ए’

“उल्हास, पुता, जरा पाय आत घे. मला पुढे जाऊ दे. तिचा हात ऐकायचाय मला.”

असं म्हणून रेबेलो सर माझ्या शेजारची खुर्ची सोडून उठले आणि पहिल्या रांगेत, डाव्या स्पीकरच्या अगदी समोर जाऊन बसले. मे महिन्यातला रविवार, सकाळचे दहा वाजलेले, आणि या माणसाच्या अंगात काळा कोट, गळ्यात टाय. लग्नाला आणि मयताला ते हाच कोट घालत असणार. मला लाज वाटली. आपल्या ओळखीने आलेला माणूस असा नटून आला की घाम आपल्याला फुटतो.

पंच्याऐंशी सालची गोष्ट. प्रभात रोडवर चौबळांच्या बंगल्यात दर महिन्याच्या पहिल्या रविवारी आमचं ‘पश्चिमस्वर मंडळ’ भरत असे. चाळीसेक सभासद होते. त्यातले काही ऐकायला येत, बरेचसे ऐकताना दिसायला येत, आणि उरलेले चौबळवहिनींच्या पॅटिसवर डोळा ठेवून असत. न्यायमूर्ती धारप तर खुर्चीत टेकले की झोपत आणि शेवटी उठून “उदात्त!” म्हणत. बारा वर्षांत त्यांनी दुसरा शब्द वापरल्याचं मला आठवत नाही. या सगळ्यांना मी मनातून कस्पटासमान लेखत असे आणि तोंडावर ‘रसिकहो’ म्हणत असे.

मी उल्हास टिपणीस, तेव्हा वय छत्तीस. एका दैनिकाच्या रविवार पुरवणीत पाश्चात्त्य संगीतावर सदर लिहीत होतो. पुण्यात या विषयावर मराठीत लिहिणारा मी एकटाच, त्यामुळे सर्वोत्कृष्टही मीच. मंडळात आधी मी दहा मिनिटं बोलायचं आणि मग सगळ्यांनी डोळे मिटून ऐकायचं, असा शिरस्ता होता. एक नियम फार कडक होता. यंत्र सुरू झालं की तोंडातून शब्द काढायचा नाही. खोकला आला तर व्हरांड्यात जाऊन खोकायचं. हा नियमही माझाच.

त्या दिवशी दोन गोष्टी होत्या. पहिली म्हणजे टेप. चौबळांचे जावई जर्मनीत एका रेडिओ केंद्रावर इंजिनिअर होते. त्यांनी रीडमान नावाच्या आधुनिक संगीतकाराचा नवाकोरा व्हायोलिन कॉन्चेर्टो टेपच्या मोठ्या रिळावर उतरवून, इकडे येणाऱ्या एका माणसाबरोबर पाठवला होता. त्याच माणसाबरोबर मंगळवारी टेप परत जायची होती. हा कॉन्चेर्टो, म्हणजे ऑर्केस्ट्राच्या साथीने एकट्या व्हायोलिनसाठीची रचना, रीडमानने इलोना वेरेश या एकाच वादक बाईसाठी लिहिली होती. तिच्या बोटांना जे जमतं तेच तिच्यात घातलेलं, त्यामुळे दुसऱ्या कुणी हात लावायची सोयच नाही, असं जावयांनी पत्रात कळवलं होतं. डब्यावर पेन्सिलीने जर्मनमध्ये दोन शब्द खरडलेले होते.

“काय लिहिलंय हो हे?” चौबळांनी मला विचारलं होतं.

जर्मनच्या वर्गाला मी चार महिने जात होतो, त्यातले दोन महिने खरोखर. “कपाटाची खूण असणार,” मी म्हणालो.

दुसरी गोष्ट रेबेलो सरांची. मंडळ जूनपासून मुलांसाठी व्हायोलिनचा वर्ग काढणार होतं. चौबळ बंगल्यातल्या मागच्या दोन खोल्या देणार होते. शिक्षक कोण, एवढंच ठरायचं होतं, आणि ते त्याच दिवशी, ऐकणं झाल्यावर ठरणार होतं. दोन नावं होती. एक मुंबईचा पोरगा, लंडनच्या परीक्षांची प्रमाणपत्रं फाइलमध्ये लावून आलेला. आणि दुसरे इनासियो रेबेलो, वय त्रेसष्ट, मुक्काम कॅम्प, प्रमाणपत्र एकही नाही.

मी त्यांच्याकडे सात वर्षं शिकलो होतो, आठव्या वर्षापासून पंधराव्यापर्यंत. मला वाजवता येत नाही हे माझ्या आधी त्यांना कळलं होतं, पण ते कधी बोलले नाहीत. शिकवणीच्या आधी सर सगळ्या पोरांची व्हायोलिनं स्वतः सुरात लावत. त्यासाठी काही वाजवून बघत नसत. नुसतं तोंड मिटून घशातून एक सूर काढत, ‘ए’च्या तारेचा, आणि त्यावर सगळ्या तारा बेतत. आम्ही कार्टी त्यांच्या पाठीमागे ट्यूनिंग फोर्क वाजवून तपासायचो. सरांचा सूर केसभरही हलायचा नाही. कॅम्पातल्या चर्चचा ऑर्गन लावायला मुंबईहून माणूस येई, तोही आधी सरांच्या दारात येऊन “जरा ‘ए’ द्या” म्हणायचा.

पुढे सर सिनेमाच्या वाद्यवृंदात वाजवायला लागले. आठवड्यातून चार दिवस पहाटेच्या गाडीने मुंबई, रात्री परत. मग कीबोर्ड आले. चाळीस व्हायोलिनांचा आवाज एक माणूस दोन बोटांनी काढायला लागला आणि सरांना बोलावणं बंद झालं. कॅम्पातल्या मुलांनी गिटारी घेतल्या. ते महिन्यापूर्वी माझ्या घरी आले होते, तेव्हा मला म्हणाले होते, “मला मुलं पाहिजेत, पुता. हात चांगला आहे, कान चांगला आहे. नुसता घरात बसून काय करू? तुझं ते मंडळ ऐकतं तुझं. सांग ना एक शब्द.”

“बघतो,” मी म्हणालो होतो.

इलोना वेरेशचं नाव ऐकल्यावर मात्र ते वर्ग विसरले. अठ्ठावन्न साली ती मुंबईला आली होती, तेव्हा मागे जो ऑर्केस्ट्रा जमवला त्यात सर शेवटच्या बाकावर होते. तालमीत तिचं रोझिन, म्हणजे गजाला घासायची राळ, हॉटेलवर राहिलं. तिने वळून पाहिलं, सगळ्यात मागे बसलेल्या सरांकडे हात केला आणि त्यांची राळ वापरून परत दिली. तो अर्धा झिजलेला तुकडा त्यांनी सत्तावीस वर्षं काडेपेटीत जपला होता. त्या दिवशी कोटाच्या खिशात तीच काडेपेटी होती. आल्याबरोबर त्यांनी ती मला उघडून दाखवली. मी “अरे वा” म्हणालो आणि कुणी पाहिलं नाही ना हे बघितलं.

माझी दहा मिनिटं झाली. चौबळांनी डावीकडे रीळ चढवलं, टेप उजव्या रिळात अडकवली आणि बटण दाबलं.

आधी शांतता. मग दुरून काहीतरी सळसळत आलं, वाढत गेलं, कडकडायला लागलं, अख्खा दिवाणखाना भरून गेला, आणि एकदम बंद. दोनचार क्षण काहीच नाही. त्यानंतर ऑर्केस्ट्रा सुरू झाला.

मी वहीत लिहिलं, ‘वाळूचा पाऊस! असंख्य छोटी तालवाद्यं. अपूर्व आरंभ.’ शेजारच्या शालिनीताई खोपकरांकडे बघून मी हलकेच मान डोलावली. त्यांनीही डोलावली. त्यांना काय कळलं होतं देव जाणे, पण मी डोलावल्यावर डोलावणं हे मंडळात कळण्याइतकंच धरलं जाई.

मग व्हायोलिन आलं. त्याचा एकेक स्वर आधी पुसट उगवे, फुगत जाई आणि ऐन भरात तुटे. मी लिहिलं, ‘या संगीतात स्वर मरत नाहीत, मारले जातात.’ वाक्य मला फार आवडलं. त्याच्याखाली मी दोन रेघा मारल्या.

सरांची पाठ मला दिसत होती. त्या कडकडाटाला ते एकदम दचकले होते. नंतर त्यांची डाव्या हाताची बोटं गुडघ्यावर हलायला लागली, जणू तिच्याबरोबर तेही तारा दाबत होते. थोड्या वेळाने बोटं थांबली. त्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहायला लागलो.

आणि सर उभे राहिले.

“चौबळसाहेब, बंद करा. टेप उलटी लागलीय.”

बारा वर्षांत त्या दिवाणखान्यात यंत्र चालू असताना कुणी शिंकलंही नव्हतं. चौबळांनी गडबडून बटण दाबलं.

“उलटी म्हणजे?”

“शेवटापासून चाललीय. ते पयलं आलं ना, खडखड, त्या टाळ्या आहेत. लोकांनी शेवटी वाजवलेल्या टाळ्या.”

माझ्या मांडीवर वही उघडी होती. मी ती मिटली.

सर पुढे झाले आणि पॅटिसच्या थाळ्या ठेवलेल्या टेबलावर त्यांनी बोटाच्या पेराने टकटक केलं. “बघा. आधी ठक्, मग आवाज मरतो. तार छेडली तरी तसंच. हिथं मेलेला आवाज आधी येतो आणि ठक् शेवटी. जगातलं कुठलं वाद्य असं वाजत नाय, साहेब. ही ती नाय. म्हणजे तीच आहे, पण पाठमोरी.”

चौबळ तीस वर्षं इंजिनिअर होते. त्यांनी यंत्राकडे पाहायला हवं होतं. त्यांनी पाहिलं माझ्याकडे. मग जागे होते तेवढ्या सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

त्या क्षणी मला खात्री नव्हती, असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगत आलो. ‘टाळ्या’ हा शब्द सरांनी उच्चारल्याबरोबर माझ्या कानात त्या टाळ्याच वाजायला लागल्या होत्या, हे खरं आहे. पण वाळूच्या पावसाला मी मान डोलावली होती, आणि शालिनीताईंनी ती पाहिली होती.

“सर,” मी हसून म्हणालो, “तुम्ही आयुष्यभर, नायिका टेकडीवरून धावत येते, तिच्या मागे वाजवलंत. तिथे सगळं ठरलेलं असतं. हे आधुनिक संगीत आहे. इथे आपल्याला उलटं वाटतं तेच सुलटं असतं.”

दिवाणखाना हसला. इतका वेळ कुणालाच काही कळत नव्हतं, त्यामुळे हसण्यासारखं काहीतरी मिळाल्याचा सगळ्यांना केवढा आनंद झाला. न्यायमूर्ती धारप जागे झाले आणि तेही हसले.

सर हसले नाहीत, रागावलेही नाहीत. “पुता, खरं सांग. तुला कळत नाय?”

“मला कळतं तेच सांगतोय, सर. वय होतं माणसाचं. कान थकतात. त्यात काही लाजण्यासारखं नाही.”

त्यांनी नकळत उजवा कान चाचपला. “सॉरी, लोकहो,” ते म्हणाले. “चालू करा तुम्ही.” आणि खुर्च्यांच्या मधून, कुणाच्या पायाला धक्का न लागू देता, बाहेर गेले. खिडकीतून मला ते व्हरांड्याच्या पायरीवर बसून बुटाच्या नाड्या बांधताना दिसले. दोन नाड्या बांधायला त्यांना फार वेळ लागला. इकडे टेप पुन्हा चालू झाली होती.

शेवटी ऑर्केस्ट्रा विरळ होत होत नाहीसा झाला आणि एकटं व्हायोलिन उरलं. एक लांबच लांब स्वर, मग तोही गेला. मी उठून म्हणालो, “रसिकहो, अखेर वाद्य आपली भाषाच विसरतं.” टाळ्या पडल्या. धारप म्हणाले, “उदात्त!”

चहा झाला, पॅटिस संपले, लोक पांगले. समिती म्हणजे चौबळ, वहिनी आणि मी.

“तुमचे गुरू आहेत, उल्हासराव,” चौबळ म्हणाले. “तुम्ही म्हणाल तसं करू. मला माणूस बरा वाटला होता. पण आज ते जरा...”

“माणूस सोन्यासारखा आहे,” मी म्हणालो. “पण कान गेलाय. लहान मुलांच्या कानाचा प्रश्न आहे, चौबळसाहेब. तिथे भीड उपयोगाची नाही.”

“मग मुंबईचा मुलगा?”

“मुंबईचा मुलगा.”

“उद्या पत्रं टाकतो,” चौबळ म्हणाले. वहिनी म्हणाल्या, “जेवूनच जा आता, आमरस केलाय.” पानं घेईपर्यंत अर्धा तास होता. लेखासाठी थोडं पुन्हा ऐकतो म्हणून मी दिवाणखान्यात एकटा गेलो.

सगळी टेप उजव्या रिळावर जाऊन बसली होती. ती मागे गुंडाळायचं बटण कुठलं, ते मला ठाऊक नव्हतं. बारा वर्षं मी त्या यंत्राशेजारी उभा राहून व्याख्यानं दिली होती, बटणं चौबळ दाबत. म्हणून मी भरलेलं रीळ उजवीकडून काढलं, डावीकडे चढवलं, टोक रिकाम्या रिळात अडकवलं आणि चालू केलं. की मला खरं काय ते बघायचंच होतं? आता सांगता येत नाही.

एक स्वर आला, व्हायोलिनचा. ‘ए’.

साधी मोकळी तार, तीवर सावकाश ओढलेला गज. मग तिच्यासोबत शेजारची तार, जराशी उतरलेली, आणि खुंटी पिळत पिळत ती वर येते, दोघींचं जुळतं. ती बाई आपलं वाद्य सुरात लावत होती. तोच कॉन्चेर्टोचा आरंभ होता. चारी तारा जुळल्यावर ती पुन्हा त्या ‘ए’वर आली आणि तिथे थांबली. मग मागून एकेक वाद्य तो सूर तिच्याकडून घेऊ लागलं, जसा तो ऑर्गनवाला सरांच्या दारात येऊन घ्यायचा. पुढची वीस मिनिटं त्या एका सुरातूनच सगळं उगवलं. इतकं अवघड आणि इतकं निर्मळ व्हायोलिन मी आयुष्यात ऐकलं नव्हतं. मी आठ वर्षांचा होतो, कॅम्पातल्या त्या खोलीत उभा होतो आणि सर तोंड मिटून घशातून सूर काढत होते. मी रडलो, हेही सांगून टाकतो. रडायला काही लागत नाही, ते कुणालाही येतं.

आणि शेवटी टाळ्या. स्वच्छ, ढळढळीत, माणसांच्या टाळ्या. कुणीतरी मोठ्याने ओरडलंही. एखाद्या बहिऱ्यालाही त्या वाळूचा पाऊस वाटल्या नसत्या.

“हे काय लावलंत हो?” वहिनी दारात उभ्या होत्या, हातात वाढायचा डाव. “किती गोड आहे! सकाळचं ते काय होतं बाई, माझे तर दात शिवशिवले. हे का नाही लावलंत?”

“जुनी टेप आहे वहिनी, दुसरीच,” मी म्हणालो. “विशेष काही नाही.”

त्या गेल्यावर मी रीळ काढलं. वाजता वाजता टेप पुन्हा उजव्या रिळावर गेली होती आणि तिचं शेवटाचं टोक बाहेरच्या बाजूला आलं होतं. म्हणजे ती जशी आली होती तशीच आपोआप झाली होती. मला काहीच करावं लागलं नाही. डब्यावरच्या त्या दोन शब्दांचा अर्थ मी नंतर कोशात पाहिला, ‘शेवट बाहेर’. तिकडच्या त्या रेडिओत टेपा तशाच ठेवायची पद्धत होती आणि लावण्यापूर्वी मागे गुंडाळून घ्यायच्या असतात, हे तिकडच्या पोराटोरांनाही माहीत होतं. डबा बंद करताना माझ्या खिशात पेन होतं, टेबलावर कागद होता, आणि पत्रं अजून लिहायची होती. शेजारच्या खोलीत दोन वाक्यं बोलायची, एवढंच काम होतं.

“रेबेलोंच्या पत्रात कारण काय लिहू?” पानावर बसताना चौबळांनी विचारलं.

“कारण लिहायची गरज नाही,” मी म्हणालो, आणि दोन वाट्या आमरस घेतला.

लेख पुढच्याच रविवारी आला. शीर्षक, ‘वाळूचा पाऊस’. कौतुकाची पाच पत्रं आली, एक धारपांचं. त्यात काय लिहिलं होतं ते सांगायला नको. पुढे तो लेख माझ्या पुस्तकात गेला, पुस्तकातून एका पाठ्यपुस्तकात, आणि त्याच्यावर मुलांना प्रश्न विचारले गेले. ‘आधुनिक संगीतात स्वर मरत नाहीत, मारले जातात, या विधानाचे स्पष्टीकरण करा.’ मुलांनी केलं. या देशात कशाचंही स्पष्टीकरण होतं.

ऑगस्टमध्ये सरांचं कार्ड आलं. ‘गोव्याला बहिणीकडे कायमचा चाललो आहे, येऊन जा, काम आहे.’ काम म्हणजे वर्गासाठी रदबदली असणार असं मला वाटलं आणि मी चार दिवस टाळलं. पाचव्या दिवशी गेलो.

खोल्या रिकाम्या झाल्या होत्या. पलंगावर सहा छोटी व्हायोलिनं ओळीने मांडली होती, मुलांची, सगळी पुसून लख्ख केलेली.

“ही तुझ्या वर्गाला घेऊन जा,” सर म्हणाले. “बाजारातली मिळतात ती नुसती खोकी असतात. त्या नव्या मास्तरला सांग, या कडेच्याची खुंटी जरा सैल आहे, खडू लावायचा.”

मी काहीतरी पुटपुटलो. त्यांनी खुर्ची पुढे केली. टेबलावर ती काडेपेटी होती आणि तिच्याखाली माझा लेख, नीट कापून, घडी घालून ठेवलेला.

“वाचला,” ते म्हणाले. “चांगलं लिहितोस तू.” मग म्हणाले, “उल्हास, मी गेल्यावर तू ती टेप परत ऐकली असशील ना?”

“ऐकली.”

“मग?”

मी पलंगावरची व्हायोलिनं मोजायला लागलो.

“त्या दिवसापासून माझं मन खात्री देत नाय,” सर म्हणाले. “चर्चमध्ये ऑर्गन लागला की वाटतं, हा खाली आहे की मीच? रात्र रात्र पडून तोच विचार. नोकरीचं काय नाय, पुता, ती गेली ती गेली. पण एवढं सांग. उलटी होती ना?”

एक शब्द बोलायचा होता. खोलीत तिसरं माणूस नव्हतं. सर उद्या गाडीत बसणार होते, पुन्हा पुण्यात येणार नव्हते, कुणाला सांगणार नव्हते. माझं काही म्हणता काही जाणार नव्हतं. तरीही मी त्या कापून ठेवलेल्या लेखाकडे पाहिलं.

“नाही सर,” मी म्हणालो. “सुलटीच होती.”

“सुरुवात तशीच?”

“तुम्ही ऐकलीत तीच.”

ते बराच वेळ मान हलवत राहिले. “बरं झालं सांगितलंस,” शेवटी म्हणाले. “वर्ग मिळाला असता तर पोरांना घेऊन बसलो असतो आणि चुकीचं कानात घातलं असतं त्यांच्या. देवाने वाचवलं.”

मग ते उठले. व्हायोलिनं तशी देता येत नव्हती, तारा जुळवून द्यायची त्यांची रीत होती. त्यांनी सगळ्यात छोटं उचललं. त्याच्या कडेला दाताची खूण होती, ती माझी. आठव्या वर्षी मी ते रागाने चावलं होतं. सरांनी ते हनुवटीखाली धरलं, तोंड मिटलं, घसा जरासा हलला. आवाज निघाला नाही. त्यांनी व्हायोलिन खाली घेतलं आणि माझ्या हातात दिलं.

“तूच ‘ए’ लाव, पुता. मला आता भरवसा नाय.”

मी खुंटी पिळली आणि तार छेडली. सूर किंचित उतरलेला होता. मला कळत होतं. तेवढं त्यांनीच मला शिकवलं होतं. सरांच्या कपाळाला आठी पडली, त्यांचा हात खुंटीकडे आला आणि वाटेतच थांबला.

“बरोबर आहे?” मी विचारलं.

“तू म्हणतोस तर असेल,” ते म्हणाले, आणि व्हायोलिन पेटीत ठेवून त्यांनी झाकण लावलं.